पाणी काचेसारखं होईपर्यंत

मीनाक्षीबाई हुपरीकरांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "होईल की!" कसं होईल, कधी होईल, लागणारं सामान घरात आहे का, हा विचार मागाहून. लग्नानंतर काही वर्षांनी यजमानांची बदली रेल्वेच्या कलकत्त्यातल्या मुख्यालयात झाली आणि त्या मिरजेहून गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये येऊन पोचल्या. सामान अजून खोक्यांत होतं. तेवढ्यात शेजारणीने दारातून विचारलं, की आज आमच्याकडे पाहुणे आहेत, तुमच्याकडच्या त्या गोड पोळ्या जमतील का? "होईल की!" पुरणयंत्र कुठल्या खोक्यात आहे ते देवालाच ठाऊक. बाईंनी पुरण पिठाच्या चाळणीतून घासून काढलं. हाताला फोड आले, पण पोळ्या झाल्या. श्रीकांतराव, म्हणजे यजमान, तेव्हापासून सगळ्यांना सांगत, की हिच्या तोंडाला ब्रेक नाही, पण इंजिन दणकट आहे. रेल्वेतला माणूस, दुसरं काय म्हणणार?

अशा या बाईंना आयुष्यात एक गोष्ट मात्र कधी जमली नाही. कोणी मागितलं तर त्या अंगावरचा शालू काढून देतील, पण स्वतःसाठी कोणाकडे काही मागायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

श्रीकांतराव गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलाने, सुयशने, कलकत्त्यातच न्यू टाउनमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, ऐसपैस गच्चीचा फ्लॅट घेतला आणि आईला तिथे आणलं. त्याच्या कंपनीतला कोणी परदेशी साहेब मायदेशी परतताना आपला हॉट टब विकत होता. सुयशने तो हौसेने घेतला, क्रेन लावून गच्चीत बसवला, दोनदा त्यात जाऊन बसला, आणि कंपनीने त्यालाच टोरांटोला पाठवून दिलं. टब राहिला, आई राहिली. मीनाक्षीबाई त्याला हौद म्हणत. इमारतीचे केअरटेकर तपनबाबू बंगालीत चौबाच्चा म्हणत, म्हणजे तेच. हौदाचं झाकण चांगलं रुंद, काळं आणि उन्हात मस्त तापणारं होतं. त्यावर बाई सांडगे आणि कुरडया वाळत घालत. त्या हौदाचा याहून चांगला उपयोग कोणी केला नसेल.

आणि मग अक्काचा फोन आला.

अक्का म्हणजे अनुराधा, त्यांची थोरली बहीण. पुण्यातल्या एका शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. मूलबाळ नाही, यजमान नाहीत, आणि हल्ली गुडघेही नसल्यासारखेच. फोनवर ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात रोज गरम पाण्यात बसून पाय हलवा. इथे काय बादलीत बसू? तळेगावला ते वृद्धांचं संकुल आहे ना, तिथे सोय आहे म्हणे. एक खोली रिकामी होतेय. तुळशीच्या लग्नापर्यंत कळवा म्हणालेत."

मीनाक्षीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. अक्काने आपल्याकडे येऊन राहावं असं त्यांना फार दिवस वाटत होतं. फार म्हणजे फार. पूर्वी एकदा धीर करून विचारलंही होतं, तर अक्का म्हणाली होती, "कोणाच्या घरी पाहुणी होऊन मला म्हातारपण काढायचं नाही. पाहुणीला कोणी काम सांगत नाही, नुसतं जेवायला वाढतात." त्यानंतर तो प्रश्न जो घशाखाली गेला तो पुन्हा वर आला नव्हता. आत्ताही आला नाही. त्याऐवजी भलतंच बाहेर पडलं.

"मग इकडेच ये की दिवाळीला! माझ्याकडे हौद आहे. गरम पाण्याचा. बुडबुडेसुद्धा येतात."

"चालू आहे?"

"होई... आहे की!"

फोन ठेवला आणि मीनाक्षीबाईंनी सांडगे उचलायला घेतले.

पाणी भरलं तेव्हा ते दिसायला अगदी निर्मळ होतं. सोसायटीच्या बोअरचं पाणी, नळातून येताना कसं स्वच्छ! बाईंनी बटणं दाबून ते गरम केलं, सुयशने ठेवलेल्या डब्यातलं क्लोरीन सांगितल्यापेक्षा जरा सढळ हाताने घातलं आणि खाली जाऊन वरणाला फोडणी दिली. जेवून वर येतात तर हौदात काय? बदामी नाही, पिवळट नाही, चांगलं कडक तपकिरी पाणी.

तपनबाबू गच्चीतली पाण्याची टाकी बघायला आले होते. त्यांनी हौदात डोकावून पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "माशीमा, एतो चा के खाबे?"

मावशी, इतका चहा कोण पिणार, हा प्रश्न रास्त होता. बाईंनी हौद रिकामा केला, पुन्हा भरला, पुन्हा क्लोरीन घातलं. पुन्हा चहा. क्लोरीन वाढवलं, तर चहाही कडक झाला. तुरटी फिरवून झाली. हौदाच्या पोटातले दोन फिल्टर, मूळचे पांढरेशुभ्र, चुण्याचुण्यांचे, उभे कागदी कंदील असतात तसे, ते बाहेर काढले तर दोन्ही विटेच्या रंगाचे. तसेच ब्रशने खसाखसा घासले, तर चुण्या फिस्कटल्या आणि रंग तस्साच. टोरांटोहून सुयश म्हणाला, "आई, व्हिडिओ बघ." व्हिडिओतल्या बाईचं पाणी निळंशार होतं आणि तिचे गुडघेही धडधाकट दिसत होते. त्या व्हिडिओचा काही उपयोग झाला नाही.

कोजागरी झाली, कलकत्त्यातली लक्ष्मीपूजा झाली आणि अक्काच्या विमानाचा दिवस उजाडला. विमानतळावर अक्का चाकांच्या खुर्चीतून बाहेर आली ती महाराणीसारखी. मांडीवर पिशवी, पिशवीत उटणं, चकल्यांचा डबा आणि परतीचं भाऊबीजेनंतरचं तिकीट. घरी येईपर्यंत मीनाक्षीबाईंनी थाप तयार ठेवली होती, की मशीन दुरुस्तीला गेलं आहे.

चहा संपला. अक्का म्हणाली, "चल, हौद दाखव."

"आज नको. दमली असशील. शिवाय ते मशीन..."

"मीने."

साठी उलटलेल्या बाईला या जगात 'मीने' म्हणणारं एकच माणूस उरलं होतं आणि त्या माणसापुढे थाप चालत नसे. दोघी गच्चीत गेल्या. मीनाक्षीबाईंनी मान खाली घालून झाकण सरकवलं. संपलं सगळं, त्यांना वाटलं. ही नाकाला पदर लावणार, उद्या तळेगावला फोन करणार आणि मग वर्षातून एकदा मी फळं घेऊन हिला भेटायला जाणार.

अक्का काठी टेकून वाकली. पाण्यात बोट बुडवलं, अंगठ्याने चोळून पाहिलं, वास घेतला. मग सरळ उभी राहिली. तिचा चेहरा असा खुलला होता, जसा कोणाला हरवलेला दागिना सापडावा.

"लोखंड!" ती ओरडली. "मीने, हे लोखंड आहे! काय सुंदर रंग आलाय!"

"सुंदर?"

"अगं, बोअरच्या पाण्यात ते विरघळून बसलेलं असतं, म्हणून दिसत नाही. तू क्लोरीन घातलंस, लोखंडाचा गंज झाला आणि रंग बाहेर पडला. पाणी घाण झालं नाही, पाण्याने कबुली दिली. फिल्टर कुठेत?"

मीनाक्षीबाईंनी फिस्कटलेले फिल्टर पुढे केले. अक्काने ते नापास पोराच्या पेपराकडे बघावं तसे पाहिले.

"ब्रश कोणी मारला?"

"मी."

"अंगठे धरून उभी राहा," अक्का म्हणाली, आणि दोघी अशा हसत सुटल्या की तपनबाबू जिना चढून पाहायला आले.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीत शाळा भरली. अक्काचं म्हणणं असं, की हौदात पाणी भरून मग साफ करण्यापेक्षा आधी साफ करून मग भरावं. तपनबाबूंनी कुठल्याशा केटररकडून निळी पिंपं आणली. नळीच्या तोंडाला झारीचं तोंड बसवून पाणी उंचावरून पिंपात सोडायचं, म्हणजे त्याला भरपूर हवा लागते. चिमूटभर क्लोरीन घालायचं आणि पिंपं झाकून निवांत ठेवायची. गंज तळाशी बसतो. मग वरचं पाणी हळूच काढून हौदाच्या तोंडावर बांधलेल्या चौपदरी गमछ्यातून गाळायचं. हा गमछा तपनबाबूंचा. लाल चौकटीचा, नवा कोरा. अक्काने तो आधी चार पाण्यांतून काढायला लावला, नाहीतर लोखंड जाऊन गमछ्याचा रंग यायचा.

अक्का खुर्चीत बसून काठीने खुणा करत असे. तपनबाबूंशी ती हिंदीत बोले, म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावून.

"तपनबाबू, बताओ, लोहे को गंज कब चढता है?"

तपनबाबूंनी विचार करून उत्तर दिलं, "बोर्षाय, दिदिमोनि."

पावसाळ्यात. अक्काने मीनाक्षीबाईंकडून अर्थ समजून घेतला आणि म्हणाली, "चूक नाही, पण अपुरं आहे. निम्मे गुण." पण ते 'दिदिमोनि' तिला फार आवडलं. इथे पोरं शाळेतल्या बाईंना तसं म्हणतात, हे कळल्यावर तर ती दिवसभर कुठल्याही कारणाने तपनबाबूंना हाक मारायला लागली.

हौदाच्या तळाशी अक्काने एक स्टीलची वाटी टाकून ठेवली. मीनाक्षीबाईंच्या लग्नात तिनेच दिलेल्या भांड्यांतली ती शेवटची उरलेली. बाकीची बदल्यांमध्ये हरवली. तिच्यावर नाव घातलेलं होतं, 'चि. सौ. कां. मीनाक्षीस, अक्काकडून.' तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं.

"वरून ही अक्षरं वाचता आली की पाणी काचेसारखं झालं," अक्काने जाहीर केलं. "ते झालं की मी माझ्या वाटेने निघाले. अर्धवट काम टाकून जायची मला सवय नाही."

मीनाक्षीबाई हौदाच्या काठावर हात टेकून उभ्या होत्या. पहिलं वाक्य ऐकून त्यांनी मान डोलावली होती, दुसरं ऐकल्यावर ती तशीच अर्ध्यावर थांबली. आता काय करायचं? पाणी साफ होईना म्हणून इतके दिवस त्या रडकुंडीला आल्या होत्या. आजपासून ते साफ होईल म्हणून धाकधूक. माणसाने सुखाने जगायचं तरी कसं?

नरकचतुर्दशीपर्यंत पाणी सरबताच्या रंगावर आलं. वाटी दिसायला लागली, अक्षरं नाही. फिल्टर रोज धुतले जात होते. पाण्याच्या जोरदार धारेने, वरून खाली, एकेका चुणीतून. ब्रश अक्काने कुलूपबंद केला होता.

आदल्या दिवशी अक्का म्हणाली, "पाणी गरम आहेच. उद्या अभ्यंगस्नान हौदातच करू या."

"होईल की!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मिरजेच्या घरी दिवाळीच्या पहाटे बंब पेटायचा आणि पहिलं कढत पाणी थोरलीला मिळायचं. धाकटीच्या वाट्याला दुसरं, कोमट. थंडीने दात वाजत मीनाक्षी न्हाणीघराबाहेर उभी असायची आणि आतून अक्काचं "आहाहा!" ऐकू यायचं. याचा राग नव्हता, पण विसरही पडला नव्हता.

पहाटे दोघींनी एकमेकींना तेल लावलं. अक्काने मीनाक्षीबाईंच्या डोक्यावर वाटीभर जिरवलं, मीनाक्षीबाईंनी अक्काच्या गुडघ्यांना दोन वाट्या. मग उटणं, अंगभर, चांगलं जाडजूड. दोघींनी ओवाळणंही एकमेकींचं केलं. कलकत्त्यात कारीट मिळत नाही, म्हणून मीनाक्षीबाई इतकी वर्षं एक जून तोंडलं डाव्या अंगठ्याखाली फोडत आल्या होत्या, तेही दोघींनी फोडलं. पोहायचे कपडे वगैरे कोणाकडे असणार? दोघी आपापले जुने सुती गाऊन घालून, स्टुलावर पाय ठेवत, एकमेकींना धरत हौदात उतरल्या.

"आहाहा!" अक्का म्हणाली.

"आहाहा!" मीनाक्षीबाई म्हणाल्या. त्याच पाण्यात, त्याच वेळी. त्यांना एकदम इतका आनंद झाला की त्यांनी न विचारता बुडबुड्यांचं बटण दाबलं.

आधी गाऊन फुगले. अक्काचा गाऊन पाण्यावर असा टम्म वर आला की ती दोन्ही हातांनी तो खाली दाबायला लागली, तर तो मागून वर आला. तो दाबेपर्यंत मीनाक्षीबाईंचा हनुवटीला लागला. मग फेस आला. गाऊनमध्ये मुरलेला साबण, डोक्यावरचं तेल, अंगावरचं उटणं आणि ते बुडबुडे, सगळ्यांनी एकमेकांना गाठलं. फेस गळ्यापर्यंत चढला, काठावरून गच्चीत उतरला आणि गच्चीतून जिन्याकडे निघाला.

"बंद कर, मीने!"

"बटण दिसत नाही!"

"चष्मा लाव!"

"तोही दिसत नाही!"

अक्का हसता हसता एका बाजूला कलंडली, तिला धरायला मीनाक्षीबाई गेल्या आणि त्याही कलंडल्या. त्याच वेळी तपनबाबू वर आले. त्या दिवशी बंगाली घरांत भूतचतुर्दशी असते. चौदा दिवे लावतात, चौदा प्रकारचा पाला एकत्र करून भाजी खातात. ती भाजीची जुडी ते प्रेमाने माशीमांसाठी घेऊन आले होते. जिन्याच्या तोंडाशी त्यांना दिसलं, की चौबाच्चातून पांढरा ढग येतो आहे आणि त्यातून दोन पिवळी तोंडं खिदळत आहेत. आजचा दिवस कुठला हे आठवून तपनबाबूंनी भाजी पायरीवर ठेवली आणि ते आले त्याहून वेगाने खाली गेले.

मग हौदाने एक घरघर काढली, बुडबुडे आपोआप थांबले आणि बटणांशेजारच्या छोट्या पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकायला लागली.

उजेड पडल्यावर फिल्टर काढले. त्यांच्यात आता तेल होतं, उटणं होतं, लोखंड होतं, अक्काचे दोन केस होते. हाताला लागत होतं ते थेट बेसनाच्या लाडवाचं मिश्रण. वाटी पुन्हा दिसेनाशी झाली होती. अक्का कपाळावर हात मारून बसली.

"जन्मभर पोरांना तेल आणि पाणी शिकवलं मी. जन्मभर! आणि स्वतः अंगाला पाव शेर तेल लावून फिल्टरच्या हौदात उतरले. मुख्याध्यापकांना कळलं तर?"

"ते वारले गं, अक्का."

"तरी."

भाऊबीजेनंतरचं तिकीट पुढे ढकलावं लागलं. हे पाप मी केलं, मीच निस्तरणार, असं अक्काने बजावलं. मीनाक्षीबाईंनी तोंड फार वाईट केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन बेसनाचे लाडू लागोपाठ खाल्ले.

फिल्टरला आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे तेल सुटतं. मग भरपूर धुवायचं. त्यानंतर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात, म्हणजे गंज सुटतो. "आधी सोडा, मग आंबट. उलट केलंस तर तेल आत पक्कं बसतं आणि फिल्टर कामातून जातो. आणि दोन्ही एकत्र तर मुळीच नाही," अक्का सांगत होती. सांगता सांगता ती खुर्चीतून उठून बादलीपाशी आली होती, वाकली होती, फिल्टर उलटा करून पाहत होती. काठी कठड्याला टेकून एकटीच उभी होती. मीनाक्षीबाईंनी ते पाहिलं आणि गुपचूप दुसरा फिल्टर पुढे केला. बोललं तर तिला गुडघे आठवले असते.

सुयशने फिल्टरची दुसरी जोडी मागवून दिली. एक जोडी हौदात, एक उन्हात. सांडग्यांच्या शेजारी फिल्टर वाळायला लागले. हौद नव्याने भरला गेला, पिंपातून, गमछ्यातून, सावकाश. अक्का रोज ठरल्या वेळी पाण्यात बसून पाय हलवायची, पण आता अंघोळ करून, अंगाला काही न लावता, आणि साबण न लागलेला धुवट गाऊन घालून. मीनाक्षीबाईंना तोच नियम.

आणि पाणी साफ होत चाललं. आधी वाटीचा काठ दिसला. मग कोरलेलं काहीतरी. मग 'अक्का' एवढं वाचता आलं. ती दोन अक्षरं पाहून मीनाक्षीबाईंनी झाकण लावून टाकलं, जसं काही न पाहिल्याने पाणी साफ व्हायचं थांबणार होतं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी अक्काने काठावरून सगळं मोठ्याने वाचलं. "चि. सौ. कां. मीनाक्षीस, अक्काकडून." एकही अक्षर अडलं नाही. तपनबाबूंनी टाळ्या वाजवल्या. पाणी असं, की आहे की नाही कळू नये. अक्काने हात झटकले आणि म्हणाली, "झालं. उद्या तळेगावला कळवायचंय." मग खाली जाऊन पिशवी आवरायला लागली. उटण्याचा उरलेला पुडा तिने पिशवीत घातला नाही, टेबलावरच ठेवला. मीनाक्षीबाईंना वाटलं, विसरली.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. घर इतकं गजबजलेलं त्यांनी श्रीकांतराव गेल्यापासून पाहिलं नव्हतं. उद्यापासून पुन्हा सांडगे, पुन्हा टोरांटोचा रविवारचा फोन. अक्काशिवायचं ते घर त्यांना नको होतं, साफ नको होतं. आणि हे सांगायला फक्त एक प्रश्न विचारायचा होता, जो विचारायला जीभ उचलत नव्हती.

सकाळी उठून त्यांनी तुळशीच्या लग्नासाठी ऊस आणि चिंचा-आवळे काढून ठेवले. मग ओट्याला टेकून प्रश्न घोकला. "अक्का, आता इथेच राहायचं जमेल का तुला?" एकदा घोकला, पुन्हा घोकला. अक्का खोलीत नव्हती. पिशवी होती. टेबलावरचा पुडा मात्र नव्हता. म्हणजे ठेवला शेवटी पिशवीत, असं म्हणून बाईंनी पदर खोचला आणि प्रश्न ओठांवर धरून त्या जिना चढल्या.

हौदाचं झाकण उघडं होतं. आत अक्का बसली होती. केसांतून तेल निथळत होतं, तोंड, मान, दंड सगळं उटण्याने पिवळंधमक, गाऊन फुग्यासारखा वर आलेला. हातात ती नाव घातलेली वाटी होती आणि वाटीतलं उरलेलं तेल अक्का शांतपणे, एकेक थेंब करत, हौदात ओतत होती. काचेसारख्या पाण्यावर सोनेरी तवंग सावकाश पसरत होता.

"अक्का! अगं काय केलंस हे! काल तर सगळं वाचता येत होतं!"

"येत होतं. वाचलं मी."

"आज कुठली चतुर्दशी?"

"तुला नसती चौकशी कशाला?" अक्काने तोंड फिरवलं. उटण्याखालून तिचा चेहरा लाल झाला होता. "तळेगावला फोन केला आत्ताच. म्हटलं, इथलं पाणी फार खराब आहे हो, साफ होता होत नाही, मला काही येता यायचं नाही. बघतेस काय? फिल्टर तुंबायच्या आत उतर. पहिलं पाणी आहे."

मीनाक्षीबाई स्टुलावर चढल्या, साडीसकट. एक पाय पाण्यात, एक बाहेर, डोळे भरून आलेले, आणि हसूही आवरत नव्हतं. आता विचारायची काही गरज राहिली नव्हती. पण इतकं घोकलं होतं, आणि जन्मात एकदा तरी मागायचं होतं.

"अक्का, आता इथेच राहायचं जमेल का तुला?"

अक्काने वाटी काठावर पालथी घातली आणि धाकट्या बहिणीला हात धरून आत ओढलं.

"होईल की!" ती म्हणाली, आणि बुडबुड्यांचं बटण दाबलं.